तपासणीची रंगीत तालीम

नाटकवाले मला डिमर म्हणतात. डिमर म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र, आणि मी नाटकांची प्रकाशयोजना बघतो, पण बारसं त्यामुळे झालेलं नाही. चार माणसं जमली की मी हळूहळू विझत जातो आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत नाहीसा होतो, त्यामुळे झालं. हा धंदा मला मानवतो, कारण नाटकात कोण कधी काय बोलणार हे ठरलेलं असतं. घरी तसं नसतं. घरी बायको नुसतं "बरं" म्हणते आणि ते कुठल्या जातीचं बरं, हे शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ जाते.

शेवटी तीच वैतागली. म्हणाली, "तुला माझं काही वाटतच नाही, की वाटतं पण दाखवता येत नाही, एवढं मला कुणीतरी सांगा. म्हणजे नीट रागावता तरी येईल." मग तिनेच, मोठ्या माणसांची ऑटिझमसाठी तपासणी करणाऱ्या एका बाईंची वेळ घेतली. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. शब्द ऐकून वाटतं, माणूस कवी तरी असणार. आम्ही आपले दिवे लावणारे.

वेळ ठरली आणि माझी झोप उडाली. भीती ऑटिझमची नव्हती. बाई म्हणतील, "तुम्हाला काहीही झालेलं नाही," याची होती. काहीच झालेलं नसलं तर लहानपणापासून ऐकत आलोय ते सगळं खरं ठरणार. हेकट, शिष्ट, माणूसघाणा. वर बायकोलाही तिचं उत्तर मिळून जाणार, आणि ते उत्तर घेऊन ती माझ्याजवळ कशाला राहील, हे मला काही केल्या सुचत नव्हतं.

घाबरला की कुणी देवाचं नाव घेतं, कुणी नखं खातं. मी तालीम करतो. बायकोला डॉक्टर केलं. तिने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून विचारलं, मित्र किती आहेत? मी उत्तर बसवलेलंच होतं, हातवाऱ्यांसकट. तिसऱ्या खेपेलाही मी त्याच शब्दावर तोच उसासा टाकला, तेव्हा तिने चष्मा काढून ठेवला आणि सांगितलं की तपासणीची तालीम करणाऱ्या माणसाला तपासायला डॉक्टर कशाला हवा, मीच लिहून देते.

पण तालीम झाली तरी जागा बघायची राहिली होती. आमच्यात नवीन नाट्यगृह असलं की आदल्या दिवशी जाऊन बघून यायचं असतं. प्लग कुठे आहे, वायर कुठून न्यायची, कुठला दिवा कुणाच्या डोळ्यांत जातो. तसा मी आदल्या दिवशी बाईंच्या दवाखान्यात गेलो. नुसतं बघून यायचं ठरवलं होतं. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या, एक कुंडी आणि एक लुकलुकणारी ट्यूब. ती नुसती लुकलुकत नव्हती, गुणगुणतही होती, थेट माझ्या दाढेच्या मुळाशी. काउंटरवरची मुलगी फोनवर बोलत होती. मी खुर्चीवर चढलो, स्टार्टर काढला, पुसला, घट्ट बसवला. ट्यूब गप्प झाली.

तेवढ्यात आतलं दार उघडून बाई आल्या आणि म्हणाल्या, बरं झालं आलात, जरा आतलंही बघून घ्या. त्या सकाळपासून इलेक्ट्रिशियनची वाट बघत होत्या. इथे शहाण्या माणसाने "मी तो नव्हे" म्हणायचं असतं. पण हे वाक्य मी बसवलेलं नव्हतं. मुकाट्याने आत गेलो.

आत टेबलावरच्या दिव्याचा झोत समोरच्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या डोळ्यांत जात होता. मी तो भिंतीकडे वळवला आणि माझं तोंड सुटलं. खालून आलेला उजेड चेहऱ्याचं भूत कसं करतो, पांढऱ्या ट्यूबखाली माणसं चिडकी का दिसतात, समोरचा बोलत असताना मला त्याच्याऐवजी ट्यूबच कशी ऐकू येते. बाईंनी मधूनमधून विचारलं आणि मी सगळ्याची उत्तरं दिली, त्यांच्याकडे एकदाही न बघता. निघताना "उद्या येतो" म्हणालो. खोटं बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन हजर झालो. जोडीदारालाही आणा, असा निरोप होता. बाईंनी मला ओळखलं, भुवई जराशी वर गेली, मग त्यांनी पेन उचललं. पहिला प्रश्न आला आणि मी खेळ सुरू केला. नजर त्यांच्या दोन भुवयांच्या मधोमध, हसू ठरल्या जागी, उसासाही चुकला नाही. इतका साफ प्रयोग तालमीतही झाला नव्हता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "छान झालं. आता काल आलेल्या माणसाला आत पाठवा. ही वेळ त्यांच्यासाठी ठेवलीय."

"काल कोण आलं होतं?" बायकोने विचारलं.

यापुढचं काहीच पाठ नव्हतं. मी विचारलं, तोंड भिंतीकडे करून बसलो तर चालेल का? चालेल म्हणाल्या. मी खुर्ची फिरवली, आणि समोर नुसती भिंत आल्यावर आदल्या दिवसाची सगळी फजिती सांगून टाकली. बायकोचं हसू ऐकू आलं. मग बाईंनी तिचाच प्रश्न विचारला, घरच्या माणसांचं काही वाटतं का?

"हिचं फार वाटतं," मी भिंतीला सांगितलं. "पण ते चेहऱ्यावर आणायचं म्हटलं की मी तालीम करायला लागतो. मग तिला ते खोटं वाटतं. आणि ते खोटंच दिसतं, तिची काही चूक नाही."

मला वाटलं, संपलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बायकोने आपली खुर्ची ओढत आणून माझ्या खुर्चीला लावली आणि तीही भिंतीकडे तोंड करून बसली.

"हं," ती म्हणाली, "आता बोल."