पोचेचा रकाना

"हाव, गेली. पण पोचली का?"

मेल पाठवली की सगळं जग खुर्चीत मागे रेलतं. आमच्या ताई मात्र त्याच क्षणी पुढे वाकत, चष्मा नाकावर ओढत, पडद्यावरच्या 'सेंट' या शब्दावर बोट ठेवत आणि चोराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत हे वाक्य म्हणत.

नांदेडच्या आमच्या कॉलेजात त्या आवक-जावक सांभाळत. मूळच्या उदगीरच्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, काखेत भलंमोठं जावक रजिस्टर. कागदी पत्रांच्या काळात त्या रजिस्टरात शेवटचा रकाना असे 'पोच'. पत्र घेणाऱ्याने तिथे सही करायची. मेल आली आणि सगळ्यांनी तो रकाना सोडून दिला. ताईंनी सोडला नाही. मेल गेली की त्या समोरच्या ऑफिसला फोन लावत. "मिळाली का? नाव सांगा, लिहून घेऊन राहिले." पलीकडचा माणूस वैतागून का होईना, नाव सांगे. रकाना भरला की मगच ताईंचा चहा.

स्टाफरूममध्ये मी त्यांची नक्कल फार झकास करायचो. तुम्ही असतात तर तुम्हीही टाळी दिली असती.

मग लातूरच्या शिक्षण खात्याच्या ऑफिसातून एक पत्र आलं. आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमच्या मान्यतेचा प्रस्ताव मुदतीत मिळाला नाही, सबब विचार होणार नाही. मॅडम रोज कंधारहून बसने येत. सहा वर्षं तासांवर शिकवत होत्या. ही मान्यता मिळाली तर नोकरी कायम, नाहीतर जूनपासून घरी. ताईंनी मेल मुदतीच्या चार दिवस आधी पाठवली होती. रजिस्टरात नोंद होती. पोचेचा रकाना तेवढा रिकामा होता, कारण लातूरला फोन कुणी उचललाच नव्हता. ताई रोज लावत होत्या, तो रोज वाजत होता.

प्राचार्यांनी दिलगिरीचं पत्र तयार केलं. 'आमच्या लिपिकाच्या नजरचुकीने' अशी त्याची सुरुवात होती.

"सही करा ताई. तिथले साहेब मोठ्या मनाचे आहेत."

"मी पाठवलीय. सही कशाची करू?"

"मग त्यांना मिळाली का नाही?"

"तेच बघते. तोवर दिलगिरी थांबू द्या."

त्यांनी त्या पत्राची चौघडी केली आणि खूण म्हणून रजिस्टरात घातली.

मी तिथेच उभा होतो. मला म्हणाल्या, "सर, पत्ता चुकला असता तर मेल उलटून आली असती. आली न्हाई. म्हंजे त्यांच्या घरात शिरली. घरात कुठं बसवली, एवढंच बघायचं." आणि कॉलेजच्या खात्यावरून त्यांनी मलाच एक मेल पाठवली.

"आली का?"

"नाही ताई."

"स्पॅम उघडा."

उघडलं. मेलची ती अडगळीची खोली. तिथे ताईंची मेल होती, आणि तिच्याखाली ओळीने जास्वंद, उगवता सूर्य, पुन्हा जास्वंद. आमचे प्राचार्य कॉलेजच्याच खात्यावरून रोज सकाळी स्टाफला आणि विभागातल्या झाडून सगळ्या ऑफिसांना फुलं पाठवत, खाली एक सुविचार. कंटाळून एके सकाळी मी 'स्पॅम' दाबलं होतं. तेव्हापासून त्या पत्त्यावरून जे येईल ते अडगळीत.

ताईंनी चष्म्यावरून बघितलं. "सर, तुम्ही दाबलं?"

मी मान हलवली.

"अजून कुणी?"

स्टाफरूममध्ये हळूहळू हात वर गेले. सगळ्यात शेवटी उपप्राचार्यांचा.

दुसऱ्या दिवशी ताई आणि मी बसने लातूरला. रजिस्टर ताईंच्या मांडीवर. टेबलामागचे बाबू पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मेल आलीच न्हाई, ताई."

"आलीय. स्पॅम उघडा."

"तिथं कचरा असतो."

"कचऱ्यातच शोधायला आले मी."

बाबूंनी उघडलं. जास्वंद, सूर्य, जास्वंद, आणि मध्ये आमच्या मॅडमचा प्रस्ताव, मुदतीच्या चार दिवस आधीच्या तारखेसह. बाबूंचा चेहरा उतरला. "रोज फुलं, ताई. रोज. किती झेलायची माणसानं?"

"तुमची चूक न्हाई. आमच्याकडलीच फुलं हायत. पोच द्या."

"आजची तारीख टाकतो."

"ज्या दिवशी घरात आली त्या दिवशीची टाका. दिसली आज, हे पण लिहा. दोन्ही खरंय."

बाबू अडले. ताईंनी समोरची खुर्ची ओढली, रजिस्टर उघडून ठेवलं आणि बसल्या. जेवणाची सुट्टी झाली, संपली. ताई बसूनच. शेवटी साहेब बाहेर आले, त्यांनी पडदा बघितला, जास्वंद बघितली, हसू दाबलं आणि स्वतः सही केली.

मॅडमना मान्यता मिळाली. ताईंनी अहवाल लिहिला: 'कारण: प्राचार्यांचे शुभ सकाळ संदेश.' प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. एवढी ओळ काढा म्हणाले.

"जावक नंबर पडलाय साहेब. नंबर पडल्यावर खोडता येत न्हाई."

दुसऱ्या सकाळपासून फुलं बंद झाली. माझी नक्कलही.

परवा ताई निवृत्त झाल्या. नारळ झाला, शाल झाली, प्राचार्य जरा घाईघाईने बोलले. संध्याकाळच्या बसने ताई उदगीरला गेल्या. दुसऱ्या दिवशी नवीन रजिस्टर छापून आलं. त्यात पोचेचा रकाना नव्हता. प्राचार्य म्हणाले, आता गरज नाही. मॅडमनी लाल पेन घेतलं आणि पट्टी धरून पानोपान तो आखायला बसल्या.

मी जुनं रजिस्टर चाळत होतो. शेवटची नोंद ताईंच्याच अक्षरात होती. जावक नंबर, तारीख. कोणास: उदगीर. विषय: स्वतः. पोच: रिकामी.

मी फोन लावला.

"ताई, पोचलात का?"

"पोचले. लिहा."

"लिहितो."

"वेळ पण टाका सर. न्हाईतर लातूरवाले म्हणतील उशिरा आली."