लंकाबाईचा फोटो

लंकाबाई माझ्या धाकट्या भावाची, नाथाची बायको. तिच्याविषयी मी लिहावं की नाही, कळत नाही. गावात तिच्याशी माझ्याइतकं कमी बोललेलं दुसरं कोणी नसेल.

आमच्या चांदवडकडच्या गावात भावजय थोरल्या दिरासमोर तोंड उघडं ठेवत नाही, बोलतही नाही. नव्या सुना हे मानत नाहीत, पण लंकाबाई जुनी. नाथा जाऊन बरीच वर्षं झाली. आमची दारं समोरासमोर आहेत, तरी तिचा चेहरा मी धड पाहिलेला नाही. मला काही सांगायचं असलं की ती दारात बांधलेल्या शेळीशी बोलते. "शेवग्याला लय शेंगा आल्यात गं. ज्याला पाहिजे त्यानं तोडून न्याव्या." मग मी जाऊन तोडतो.

गेल्या साली तिला घरकुल मंजूर झालं. जुनं मातीचं घर पाडून ती पत्र्याच्या छपरात राहायला गेली. जोतं बांधून झालं आणि काम अडलं. जोत्यावर उभ्या मालकिणीचा फोटो सरकारकडे गेल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही, आणि हप्त्याशिवाय भिंती नाहीत. पहिला फोटो परत आला. चेहरा दिसत नाही म्हणे.

फोटो काढणारी तृप्ती इंजिनिअर नाशिकहून पुन्हा आली. मी तिला रस्त्यापासून घेऊन आलो आणि मागच्या खेपेसारखाच तिच्या मागे उभा राहिलो. बाईमाणूस एकटं, घरचं कोणी असलेलं बरं.

लंकाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून जोत्यावर उभी राहिली. मोबाईल वर झाला, तशी तिने पदर हनुवटीपर्यंत ओढला.

"अहो मावशी, मी पण बाईच आहे. माझी कसली लाज?"

"तुझी नाय गं पोरी."

"मग कोणाची? पावसाळा पत्र्याखालीच काढायचाय का?"

तृप्तीने जागा बदलली. मीही तिच्या मागे सरकलो. पुन्हा पदर. एवढा काय हट्ट, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात लंकाबाई शेळीकडे वळून म्हणाली, "कवाधरनं उन्हात उभं राहिल्यात गं. घरी जाऊन पाणी प्या म्हणावं. माझ्या भिंती उठू द्या म्हणावं."

शेळी तर सावलीत बसली होती.

मी मुकाट्याने घरात गेलो आणि दार लोटून घेतलं. बाहेर तृप्ती म्हणत होती, "हां, आता कसं! हसा की थोडं!"

जराशाने ती दार ढकलून उंबऱ्यात आली. "बाबा, हा काही परत येत नाही. बघा तरी, किती छान आलाय!" तिने मोबाईल पुढे केला.

मी मान वळवली. "चष्मा सापडत नाही गं."

समोरून आवाज आला. शेळीलाच सांगणं चाललं होतं.

"कपाळावर हाय म्हणावं."