मेन पाडा, मामा

आमच्या घरात डिग्री घेतलेली मी पहिली. शिरोळकडून रोज एसटीनं शिरोली एमआयडीसीत यायची. फौंड्रीच्या ऑफिसात मला बिलं टाइप करायला ठेवलेलं. सर्व्हरचं काम मी मागून घेतलं. कुणाचं कास्टिंग ओतलं, कुणाचं गाडीत भरलं, हे गिऱ्हाइकाला मोबाइलवर दिसावं, एवढंच एक पान. ते मागेल त्याला पाठवायला कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर मी तयार केला, तोच सर्व्हर. मालकांच्या मोबाइलवर पान उघडलं, तेव्हा ते नुसतं "हं" म्हणाले.

दुसऱ्या सकाळी मी पोचायच्या आतच मालक गिऱ्हाइकाला पान दाखवायला गेले, तर ते उघडेना.

"शिकलीस तू आणि शोभा माझी," मालक म्हणाले. "शनिवारपर्यंत बघतो. न्हाईतर पुण्याच्या लोकांना काम देतो."

"द्या की. पण शनिवारनंतर."

कॉम्प्युटर बंद होता. कुलूप लावणारे मामा संध्याकाळी निघताना मेन स्विच पाडायचे.

"मामा, माझा तेवढा चालू राहू दे की."

"का? तुमचा सर्वर देव हाय व्हय, रातभर समई तेवत ठेवायला?"

सगळे हसले. पण साचे करायचे लाकडी पॅटर्न ठेवलेल्या खोलीत एकदा वायर जळाली होती. तेव्हापासून मेन पाडल्याशिवाय कुलूप नाही. ती रीत मला मोडायची नव्हती. रात्री पान लागतंय कुणाला? सकाळी मेन चढला की माझ्यावाचून सगळं सुरू व्हायला हवं, बास.

रोज ऑफिस सुटायच्या आधी कॉम्प्युटर नीट बंद व्हावा आणि वीज आली की आपणहून उठावा, अशी सेटिंग केली. जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, "मेन पाडा, मामा." पाडला, चढवला. कॉम्प्युटर उठला, पान उघडेना. सर्व्हरचा प्रोग्राम मी आजवर हातानंच सुरू करत होते. त्याला कॉम्प्युटरबरोबर उठायला सांगितलंच नव्हतं. एका ओळीचं काम. केलं.

"पाडा परत."

"ताई, दांडा हातात आला तर तुमच्या लग्नात आहेर म्हणून देईन हां."

पान उघडलं. तरी मी आणखी दोनदा पाडायला लावला.

शनिवारी एसटी हातकणंगल्याच्या पुढं आली आणि मालकांचा फोन आला.

"कुठं हाईस?"

"एसटीत."

"मग पान कुणी सुरू केलं?"

"मामांनी. मेन चढवला न्हवं त्यांनी?"

पलीकडून "हं" आलं. या खेपेला जरा लांब.