पुलाचा गेम

विलासने मला फसवलं. माणूस जाऊन दीड महिना झाला, त्याच्या तेराव्याला मीही जेवलो, तरी हे वाक्य आधी लिहितो, कारण ते खरं आहे.

शहापुरात माझं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. कुणाच्या आधारावर नाही, स्वतःच्या जिभेवर उभं केलेलं. विलास मुरबाडला पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचा. तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून भरत बसायचा. फोन आला तेव्हा मी जुन्या मॉनिटरांच्या लॉटवर घासाघीस करत होतो. झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं... सौदा मी तसाच टाकून निघालो. आयुष्यात पहिल्यांदा.

आमची मैत्री एका सीडीची. अशाच एका लॉटमधून ती आली होती, डबीवरचं चित्र उन्हाने उडालेलं, नावही वाचता येईना. गिऱ्हाईक हात लावत नव्हतं म्हणून मी ती विलासच्या वर्कशॉपातल्या कॉम्प्युटरवर चढवली. बंदुकीचा गेम, पण बंदूक चालवली की मेलात असा. पडद्यावर आपण दिसत नाही, फक्त आपले हात आणि बारा गोळ्या. दलदलीतून लपतछपत जायचं, पहारेकऱ्याला पाऊल ऐकू गेलं की खेळ खलास. असा गेम मी पुन्हा पाहिला नाही. कुठे मिळालाच तर जरूर खेळा. शेवटी वाळलेल्या बोरूच्या उंच, दाट गवतात एक लाकडी पूल आहे, तिथे दोन पहारेकरी. आमचं ठरलं होतं, दर रविवारी दुपारी मी मोटारसायकलने मुरबाडला यायचं आणि एकट्याने कुणी पुढे जायचं नाही. मी बोरूत शिरलो की पाला वाजायचा, मग चिडून मी गोळ्या झाडायचो. विलासही मरायचा, पण न चिडता.

एका रविवारी गेलो तर पडद्यावर विलास पूल ओलांडून पलीकडे पोचलेला. बाराच्या बारा गोळ्या शिल्लक. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, नवा कीबोर्ड देतो, युक्ती सांग. तो हसला. "तुझा माल तुझ्याकडं ठेव रे." पुढे हेडफोन देऊ केले, मग ग्राफिक्स कार्ड. तीन वर्षं त्याचं एकच, नाय. तारेवर सरावलेली बोटं आहेत, म्हणून जमलं असेल, अशी मी समजूत घालायचो आणि घरी येऊन माऊस आपटायचो. इतका कुणाचा हेवा मी केला नव्हता. धंद्यातल्यांचासुद्धा नाही.

तेराव्यानंतर एका दुपारी त्याच्या खुर्चीत बसून पुन्हा पूल गाठला. पुन्हा मेलो. विलासची बायको, मथुरावहिनी, चहा घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांचं माहेर डोंगरावरच्या पाड्यातलं, बापामागून रान तुडवत वाढलेल्या.

"घाई करता, भाऊजी. बोरू बघा ना. वारा आला का पाय टाकायचा, वारा थांबला का थांबायचं. रानात आमी असंच चालतो."

चहा ठेवून त्यांनी माझ्यादेखत, उभ्याउभ्या, पूल पार केला. म्हणजे विलासलाही पुलापलीकडे त्यांनीच नेलं होतं. इतके दिवस मी एकावर जळत होतो, त्या दुपारी दोघांवर जळलो. त्याने मला का सांगितलं नाही, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"मी त्यांना बोलले, सांगून टाका. तर बोलले, त्याला एकदा नुसतं इचारू दे. दर टायमाला कायतरी घेऊन येतो, इचारत नाय."

खरं आहे. कसा गेलास, हे दोन शब्द मी कधी उच्चारले नव्हते. फुकट मागणं मला कुणी शिकवलं नाही. पण हे विलासला ठाऊक होतं. ज्याला बोरूतला वारा कळायला लागला, त्याला समोर बसलेला माणूस तीन वर्षं कळू नये? दर रविवारी तेवढी वाट तुडवत मी काय कीबोर्ड खपवायला येत होतो?

ती खुर्ची अजून पडद्यासमोर आहे, डावा हात झिजलेला, कारण तो तिथे कोपर टेकून थांबायचा... वहिनी पूल दाखवायला केव्हाही तयार आहेत. मी नको म्हटलं. आता हातात काही न घेता विचारतो, विलास, कसा गेलास रे? याचं उत्तर मला वहिनींकडून नको. तुझ्याकडून हवंय.