होयगावचे गुणाजी मास्तर

गुणाजी मास्तरांना कोणी 'होय' म्हटलेले खपत नसे. वर्गात काही समजावून झाले, "कळला?" असे त्यांनी विचारले आणि पोरांनी एका सुरात "होय गुरुजी" म्हटले, की त्यांचे नाक लाल व्हायचे. "कित्याक होय? चाळीस डोक्यांत एकाकय शंका नाय? मगे मी हयसर शिकवतंय काय जत्रेत ओरडतंय?" मी त्यांच्या शाळेत नवा शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारले, "शाळा आवडली?" मी अदबीने होय म्हणालो. "खोटा! छप्पर गळता, फळो फुटलो आसा, आणि तुका आवडली?" एवढे बोलून त्यांनी तपकिरीची डबी माझ्यापुढे धरली.

ही साधारण पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. मास्तर मूळचे वालावलचे, पन्नाशी उलटलेले, विधुर. आमच्या गावात एका पडवीत भाड्याने राहत. गावातली शाळा चौथीपर्यंतच. पाचवी ते सातवी खाडीपलीकडे, आम्ही दोघे शिकवत होतो त्या शाळेत. मुलगी चौथी झाली की तिने चूल सांभाळायची, असा रिवाज होता. मास्तरांनी घरोघर जाऊन, बापांशी भांडून, सात मुली पलीकडच्या शाळेत घातल्या. रोज सकाळी तरीच्या होडीत त्यांना स्वतः बसवायचे आणि संध्याकाळी एकेकीला तिच्या अंगणात सोडायचे. माझी धाकटी बहीण शालन त्या सातांतली एक. ती तेव्हा सहावीत होती आणि सातवी पास होऊन मास्तरीण व्हायचे तिने मनाशी पक्के केले होते. मास्तर बरोबर आहेत म्हणून बाप मुली पाठवत. मीही त्याच होडीतून जात होतो, पण माझ्यासारख्या बिनलग्नाच्या पोराच्या भरवशावर त्या कोणी पाठवल्या नसत्या, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती.

गावच्या वाचनालयाचे एक हस्तलिखित वार्षिक निघत असे. प्रत एकच, त्यामुळे ते चार रविवार ओसरीवर मोठ्याने वाचले जाई. त्या वर्षी मास्तरांनी त्यात 'होयगाव' नावाची गोष्ट लिहिली. शंभर वर्षांनंतरचे एक गाव. तिथे बारशाला मुलाच्या कानात नावाऐवजी 'होय' हा शब्द सांगत. राजा कोणी पाहिलेला नव्हता. रोज सकाळी एक माणूस चव्हाट्यावर उभा राहून राजाची इच्छा सांगे. आज विहिरी बुजवायच्या. होय. उद्या म्हाताऱ्यांना बेटावर सोडून यायचे. होय. 'नाही' म्हणायला जीभ कशी वळवायची हेच लोक विसरले होते. फक्त एक म्हातारी भात कांडताना 'खंय?', म्हणजे 'कुठे?', असे विचारणारे गाणे म्हणत असे, आणि वेडी म्हणून तिला कोणी अडवत नसे.

वल्ह्यार हात, गो, होडी खंय?
दिव्यात वात, गो, तेल खंय?
मळ्यात बी, गो, पाऊस खंय?
घरात मी, गो, माणूस खंय?

गोष्ट वाचून झाली. मग हळूहळू सगळे गाण्याच्या मागे लागले. होडी चालवणारा तारी म्हणाला, हे बुडालेल्या होड्यांचे गाणे. पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, हे मुंबईला गेलेल्या घोवाची वाट पाहणारणीचे. मास्तरांना विचारले की ते डबीवर टिचकी मारीत आणि म्हणत, "माका काय विचारतास? म्हातारेक विचारा."

आणि मी? मी नुकताच शिकून आलो होतो, आणि शहाणपण अंगात मावत नव्हते. शेवटच्या रविवारी या गोष्टीचे रसग्रहण करायला मी उभा राहिलो. तेल नसलेला दिवा म्हणजे देवळातली समई, मी म्हणालो, तिचे तेल कोणाच्या घरी जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि चव्हाट्यावरचा तो माणूस म्हणजे आपले मानकरी. लोक आधी दचकले, मग हसले, मागून कोणी टाळ्याही वाजवल्या. मला आभाळ ठेंगणे झाले. वाटेत मास्तरांनी तपकिरीची चिमूट ओढली. मग म्हणाले, "गाणा विचारता, रे. तू उत्तर कित्याक दिलंस? आणि शेवटची ओळ तू वाचलंस तरी?" मला वाटले, मास्तरांना माझा हेवा वाटला.

मी सांगितलेला अर्थ दुसऱ्या दिवशी गावभर झाला, पण माझ्या नावाने नव्हे. गोष्ट मास्तरांची, तेव्हा अर्थही मास्तरांचाच, असे गावाने धरले. आबा गावकर हे आमच्या रवळनाथाचे मुख्य मानकरी. देवाला गाऱ्हाणे घालायचा, म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने मागणे मागायचा, मान त्यांच्या घराण्याचा. त्यांच्याही कानी ते गेले. पंधरा दिवसांनी जत्रा होती, तिची वाट पाहत राहिले.

जत्रेच्या दिवशी दुपार कलल्यावर सारा गाव सभामंडपात जमला. मी आणि मास्तर एका खांबाशी उभे होतो. आबांनी गाऱ्हाणे सुरू केले.

"बा देवा म्हाराजा! लेकराबाळांक सुखात ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"भायरगावी गेल्यांची राखण कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"देवाच्या तेलार बोट दाखवणारो जो कोण मास्तर आसा, तेका ह्या गावाभायर काढ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला एक लय असते. तिसऱ्या-चौथ्या वेळेला शब्द कोणी ऐकत नाही, तोंड आपसूक उघडते. सगळा मंडप होय म्हणाला. मी म्हणालो. आणि माझ्या शेजारून, सवयीने, खणखणीत आवाजात, मास्तरही म्हणाले.

मग मंडपातल्या माना आमच्याकडे वळल्या. मास्तर इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "बघलंस? माकाच मी भायर घातलंय. गोष्ट शंभर वर्सा फुडची कित्याक केलंय, तेच माका कळना नाय."

आमच्या गावात देवापुढे म्हटलेले मागे घेत नाहीत. दुसऱ्या सकाळी तारी नाव धक्क्याला लावून खाली मान घालून बसला. "माका तुमचो राग नाय, मास्तरानू. माझी पोरगी तुमीच शाळेत घातलास. पण देवापुढे होय म्हटलंय." त्याने त्यांना नावेत घेतले नाही. पडवीच्या मालकानेही तेच सांगितले, रडत सांगितले. मास्तर शिवेबाहेरच्या एका खोपटात राहू लागले आणि बांधावरून तीन मैलांचा वळसा घालून चालत शाळेत येऊ लागले. मुली तेवढे चालून येणार नव्हत्या. बाकीच्या सहा घरी असताना शालनला एकटीला माझ्याबरोबर पाठवायलाही आमचे वडील तयार नव्हते; ती रोज दप्तर घेऊन धक्क्यावर जायची आणि परत यायची.

पाचव्या दिवशी मास्तर मला शाळेमागच्या फणसाखाली घेऊन गेले. त्यांना कोणाकडे काही मागताना मी त्याआधी पाहिले नव्हते. "आबा वायट माणूस नाय," ते म्हणाले. "गाऱ्हाण्याक उलट गाऱ्हाणा घालूक येता. पण तेका कोणी तरी सांगाक व्हया, की तो अर्थ माझो नाय. मी सांगलंय तर भियालो म्हणतीत. तू सांगलंस तर तेका पटात. माझा जावंदे, रे. पण सात चेडवांचा वर्स जाताहा. जाशीत?"

मी म्हणालो, "होय, मास्तर."

तेवढ्या एका वेळी त्यांनी "कित्याक होय?" असे विचारले नाही. माझ्या खांद्यावर थोपटले आणि वर्गावर गेले.

मी गेलो नाही. आज जातो, उद्या जातो, असे करत राहिलो. आबांच्या घरापुढच्या खळ्याच्या पायरीपर्यंत एकदा गेलोही होतो. आत चार माणसांचे बोलणे ऐकले आणि तसाच मागे फिरलो. माझी नोकरी नवी होती, मला त्याच गावात राहायचे होते. कारणे पुष्कळ होती. खरे एकच होते, की मी भित्रा होतो, आणि आहे. मास्तरांनी महिनाभर वाट पाहिली. मग स्वतःच बदली मागून घेतली आणि एक ट्रंक, एक छत्री घेऊन खारेपाटणला गेले. जाताना मला त्यांनी एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

सातही मुली घरी बसल्या. शालनचे दोन वर्षांत लग्न झाले, धामापूरला दिली. ती मास्तरीण झाली नाही.

बासष्टच्या सुमारास मास्तर खारेपाटणला वारल्याचे कळले. ते सांगायला मी शालनकडे गेलो. ती धाकट्याला मांडीवर घेऊन निजवत होती, आणि तेच गाणे म्हणत होती. "घरात मी, गो, माणूस खंय?" मी बातमी सांगितली. तिने पोराच्या अंगावर गोधडी ओढली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दादा, इतकी वर्सा तुका विचारूचा होता. मास्तरांसाठी तू आबा गावकाराकडे गेललंस मा?"

मी म्हणालो, "होय."