दोन कप्तानांचं एक बंड

महालिंगप्पा तंबूवाले अणदूरला बिराप्पाच्या मेंढवाड्यावर आले, ते आधी ऐकू आले आणि बऱ्याच वेळानं दिसले. सिनेमाच्या तंबूतल्या तेलाच्या इंजिनावर आवाज चढवून बोलायची सवय. नमस्कारादाखल म्हटलेलं त्यांचं साधं 'शरणार्थी'सुद्धा नळदुर्गच्या बुरुजावर आदळून परत यायचं. त्या दिवशी त्यांनी नुसती हाक मारली, तर दोन मेंढ्या जागीच व्याल्या आणि तिसरीनं बेत रद्द केला, असं बिराप्पाची आई गजराबाई शपथेवर सांगे.

काम असं होतं. चंपाषष्ठीच्या जत्रेत महालिंगप्पांचा सिनेमाचा तंबू लागे. इंग्रजी चित्र असलं की पडद्याशेजारी काठी घेऊन गोष्ट सांगणारा माणूस हवा, आणि त्यांचा माणूस हिवतापानं आडवा झालेला. यंदाचं चित्र गलबतावरच्या जुन्या बंडाचं. बिराप्पा तर त्याच साली, शेहेचाळीसच्या फेब्रुवारीत, मुंबईच्या बंदरात आरमाराच्या बंडात सामील होऊन घरी हाकलला गेलेला. आसपासच्या गावांत समुद्र पाहिलेला तो एकटाच.

बिराप्पानं एकच अट घातली: बापाला पुढं बसवायचं. गावात बोलवा होती, की यानं आरमाराच्या कोठीतली साखर चोरली म्हणून नोकरी गेली. खडे निघालेल्या भातावरून माणसं बंड करतात, हे बाप सिदूला पटत नव्हतं. "चोराच्या हाती मेंढरं देत न्हाय," त्यानं सांगून टाकलं होतं. थोरला असून बिराप्पा घरात पाहुण्यासारखा जेवत होता.

आता ते चित्र. महालिंगप्पांनी एकाच बंडावरची दोन चित्रं भंगारात पैदा केली होती, एक मुकं, एक बोलकं. दोन्ही अर्धवट, म्हणून त्यांनी ती एकमेकांना जोडून टाकली. त्यामुळं मध्यंतरापर्यंत कप्तान काडीसारखा बारीक आणि मुका, नंतर रांजणासारखा जाडा आणि सारखा ओरडणारा.

पहिल्याच खेळाला शरणबसप्पा वाण्यानं विचारलं, हा कोण नवा? बिराप्पाला नेमकं सुचलं. तो म्हणाला, तोच हा. खलाशांचं खाऊन खाऊन फुगलाय. तंबू तापला. बायकांत बसलेल्या नागम्मानं पडद्यावर वहाण भिरकावली. कप्तानाला होडीत बसवून हाकललं, तेव्हा लोकांनी येळकोट करत भंडारा उधळला आणि सगळा समुद्र पिवळा झाला. बिराप्पाच्या जन्माचं सार्थक झालं होतं. फक्त बाप आला नव्हता. त्याची मेंढी चुकली होती.

दुसऱ्या दिवशी सिदू नवा पटका बांधून पुढं येऊन बसला. आदल्या दिवशीचा गोंगाट ऐकून निजामाच्या पोलिसांचा अमीन, म्हणजे इथला फौजदार, तोही आला. त्याला खुर्ची दिली. महालिंगप्पा आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले, तेही बिराप्पाच्या कानात: आज कप्तान देवमाणूस आणि खलाशी चोर. नाहीतर माझा तंबू जप्त.

बिराप्पानं काठी उचलली. पडद्यावर खलाशी चाबकाचे फटके खात होते आणि तो सांगत होता, चोरी केली म्हणून मारतायत. कप्तान जाडा झाला, तेव्हा सरकारच्या मेहेरबानीनं अंग धरलं म्हणाला. अमीन मान डोलवत होता. भंडारा कुणी उधळला नाही. लोक मध्येच उठून रेवड्या घ्यायला गेले.

घरी परतताना बिराप्पानं बापाला वाटेत गाठलं.

"आबा, कालचं खरं हुतं. आजचं खोटं."

"मग खोटं का बोल्लास?"

"अमीन बसला हुता की म्होरं."

सिदू थांबला. "तिकडं बोटीवर कोण हुतं? तुजा मामा? गोऱ्या सायबाला न्हाय भ्यालास, आन ह्या अमीनाला भ्यालास व्हय?"

बिराप्पाला यावर पुष्कळ बोलायचं होतं. तिकडं हजारो होते, इथं तो काठी घेऊन एकटा होता, तंबू दुसऱ्याचा होता. पण सिदू तोवर बराच पुढं गेला होता.

शिमग्यानंतर सिदूनं मेंढरं धाकट्या मुलाच्या, बलभीमच्या हाती दिली. बिराप्पा सोलापूरला एका गिरणीत हमालीला लागला.