रिकाम्या बाकांपुढचा पाठ

ज्यांनी आयुष्यभर शिकवले त्यांनी लिहावे. माझ्यासारख्या उशिरा या वाटेला लागलेल्या बाईने आठवणी सांगू पाहणे हे धाडसच आहे, आणि त्याबद्दल वाचकांनी आधीच क्षमा करावी.

नांदेडला घेतलेली गणिताची पदवी संसारात बाजूला पडली होती. लातूर नवा जिल्हा झाला, यजमानांची तिकडे बदली झाली आणि पस्तिशीत मी बी.एड.ला प्रवेश घेतला. निलंग्याच्या एका शाळेत गणिताची जागा होती. जूनपूर्वी उत्तीर्ण झाले तरच ती मिळणार होती. चित्त कशातच ठरत नसे. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, शिक्षकाच्या प्रत्येक प्रश्नापुढे विद्यार्थ्याचे अपेक्षित उत्तरही लिहावे लागे. संकोची स्वभावामुळे मी तीही पाठ करून ठेवी.

बी.एड.च्या परीक्षेचा वार्षिक पाठ लातूरच्याच एका शाळेत आठवीच्या मुलींवर होता: त्रिकोणाच्या कोनांची बेरीज. बाहेरून आलेले परीक्षक शेवटच्या बाकावर माझे टाचण घेऊन बसले. मी आकृती काढते न काढते तोच गल्लीत हॉर्न वाजला. त्या वर्षी दुष्काळ होता; पाण्याचा टँकर आला की मुलींना सोडण्याची शाळेची रीतच होती. पण परीक्षेच्या पाठातून?

पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "बाई, टँकर आलाय. घरी कुणीच न्हाई. जाऊ का?"

मी परीक्षकांकडे पाहिले. ते घड्याळ पाहत होते. "जा," मी म्हणाले, आणि सारा वर्ग गेला.

मी खडू खाली ठेवला.

"वेळ चालू आहे, बाई," परीक्षक म्हणाले. "उत्तरे तुम्ही लिहिलीच आहेत. मी देतो."

मी विचारीत गेले, ते टाचणातून वाचीत गेले. समांतर रेषांमधल्या व्युत्क्रम कोनांपाशी मात्र थांबले.

"हे दोन कोन सारखे का, ते कळले नाही, बाई."

हे उत्तर टाचणात नव्हते. मी तेच वाक्य पुन्हा म्हटले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग माझ्याच तोंडून निघून गेले, "इकडे या, फळ्यापाशी."

ते आले. मी आकृतीतल्या एका कोनाएवढा कागद कापून त्यांच्या हाती दिला, तो अर्धा फिरवून फळ्यावरच्या दुसऱ्या कोनावर ठेवायला लावला. तो नेमका बसला.

"असं होय," ते म्हणाले. घंटा झाली, तरी मुली परतल्या नव्हत्या.

मी उत्तीर्ण झाले. निलंग्याची जागाही मिळाली. पण वर्गाच्या दाराशी पाऊल अडखळते, ते आजही. एकही मूल समोर नसताना मिळालेली ती पात्रता तुम्ही खरी मानाल का?